रक्त, घाम आणि डब्यावरचा ‘एम’

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या डब्यावर एक काळा-पांढरा चौकोन असतो. त्यात ‘एम’ असेल, तर खेळ सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. आपल्या सिनेमाच्या ‘ए’सारखाच वाटतो, पण कूळ निराळं. आपलं प्रमाणपत्र १९५२च्या कायद्यातून येतं. ‘एम’चा शिक्का मात्र सरकार मारेल या धास्तीने धंद्याने स्वतःच मारून घेतला.

गेममधल्या हिंसेविरुद्धची ओरड जुनीच होती. १९७६च्या ‘डेथ रेस’मध्ये काडीएवढ्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या असत. ही माणसं नव्हेत, ‘ग्रेमलिन’ आहेत, असा कंपनीचा बचाव. तो फारसा कुणाला पटला नाही.

खरा भडका उडवला तो १९९२च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ने. पडद्यावर खऱ्या नटांच्या प्रतिमा, आणि हरलेल्याचं मुंडकं कण्यासकट उपटायची सोय! पुढच्या वर्षी खेळ घरोघरी आला, तेव्हा गेमयंत्रं बनवणाऱ्या निन्टेंडोने रक्त करडं केलं आणि त्याला घाम म्हटलं. प्रतिस्पर्धी सेगाने रक्त नुसतं झाकलं. ठरावीक क्रमाने बटणं दाबली की ते पुन्हा वाहू लागे. विक्रीत बाजी अर्थातच सेगाने मारली.

डिसेंबर १९९३मध्ये सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांनी सुनावणी घेतली. तिथे निन्टेंडो आणि सेगा एकमेकांचीच उणीदुणी काढत बसले. तुम्ही स्वतःच वर्गवारी करा, नाहीतर आम्ही कायदा करतो, असा एकूण सूर होता. १९९४मध्ये कंपन्यांनी हे शिक्के देणारं ‘ईएसआरबी’ हे मंडळ उभं केलं. त्याच वर्षी ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा दुसरा भाग निन्टेंडोवर आला, तो लाल रक्तासकट. शिक्क्याने रक्त थांबवलं नाही, त्याला परवाना दिला, असं माझं मत.

कायद्याची हौस मात्र फिटली नव्हती. अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावर कॅलिफोर्नियाने घातलेली बंदी २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. ग्रिम बंधूंच्या परीकथाही काही कमी रक्तरंजित नाहीत, याची आठवण न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकालात करून दिली.

१९९३च्या सुनावणीत ‘नाइट ट्रॅप’ नावाचा आणखी एक खेळ आरोपीच्या पिंजऱ्यात होता. असला खेळ आमच्या यंत्रावर कधीही येणार नाही, असं निन्टेंडोच्या प्रतिनिधीने तिथे ठणकावून सांगितलं होतं. २०१८मध्ये तो निन्टेंडोच्याच ‘स्विच’ या यंत्रावर आला, आणि त्याच्यावर शिक्का होता ‘टी’चा: तेरा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी.