स्कॅन दुसऱ्याच कॅन्सरसाठी, डाग मात्र स्तनात दिसला, आता काय?

समजा, बुलडाणा जिल्ह्यातल्या अमडापूरच्या एका काकूंना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे. उपचार किती लागू पडले हे पाहायला छत्रपती संभाजीनगरला त्यांचा पेट स्कॅन होतो. रिपोर्ट चांगला येतो, मानेतल्या गाठी विरघळल्या आहेत. पण शेवटी एक ओळ असते: उजव्या स्तनात छोटा भाग चमकतो आहे, तपासून घ्यावा. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर जातो आणि कुणीतरी लिहितं, 'पसरला वाटतं.'

त्या एका ओळीवरून पसरला की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

चमकतं म्हणजे काय?

पेट स्कॅनआधी शिरेतून ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध देतात. ज्या पेशी जास्त साखर खेचतात, त्या चित्रात उजळ दिसतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच. पण जंतुसंसर्ग, जुन्या ऑपरेशनची जखम किंवा फायब्रोअ‍ॅडिनोमाची साधी गाठही चमकू शकते. बाळाला पाजणाऱ्या आईचे तर दोन्ही स्तन उजळतात. कोविड लसीनंतर काखेतल्या गाठी चमकल्या आणि २०२१ मध्ये जगभर अनेक रुग्ण उगाच धास्तावले, तेही याच कारणाने.

मग दुर्लक्ष करायचं? अजिबात नाही. स्तनात असा एकाच जागचा डाग शंभरात एकाहूनही कमी स्कॅनमध्ये दिसतो, पण पुढे तपासलेल्या डागांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मे कॅन्सरचे निघाल्याचं अभ्यास सांगतात. त्यातही बहुतेक वेळा तो जुना कॅन्सर पसरलेला नसतो, तर स्तनाचा वेगळा, नवा कॅन्सर असतो. दुसऱ्या अवयवातून स्तनात पसरणं दुर्मीळच. तरुणपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका मुळातच जास्त असतो.

पुढची पायरी

डॉक्टर आधी हाताने स्तन आणि काख तपासतात. मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. 'एवढा महागडा स्कॅन झालाय, आता साधी मॅमोग्राफी कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीत जसे दिसतात तसे पेट किंवा सीटीत दिसत नाहीत. या तपासणीच्या रिपोर्टवर बायरॅड्सचा आकडा असतो. ३ म्हणजे गाठ बहुधा साधी, काही महिन्यांनी पुन्हा पाहू. ४ किंवा ५ म्हणजे बायोप्सी. शून्य दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, त्याचा अर्थ 'माहिती अपुरी, आणखी तपासा' असा आहे.

खरा निकाल बायोप्सीच देते. भूल देऊन जाड सुईने तुकडा घेतात. सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती गावोगाव ऐकू येते. तिच्यापायी बायोप्सी टाळणं हेच जास्त धोक्याचं. लिम्फोमाची औषधं वेगळी, स्तनाच्या कॅन्सरची वेगळी. तुकडा न तपासता 'पसरलाच असेल' असं धरलं, तर बरा होऊ शकणारा आजार शेवटच्या टप्प्यातला ठरवला जाईल.

याला अपवाद आहे. पहिला आजारच खूप पुढे गेला असेल आणि स्तनाचं निदान होऊनही उपचार बदलणार नसतील, तर डॉक्टर बायोप्सी थांबवू शकतात. तो हलगर्जीपणा नव्हे, फक्त कारण त्यांच्याकडून नीट समजून घ्या.

पुरुषांच्या रिपोर्टमध्येही अशी ओळ येते. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या हार्मोनच्या औषधांनी स्तन वाढतात, बहुतेकदा तेच दिसतं. तरी गाठ टणक किंवा एकाच बाजूला असेल तर तीही तपासतात.

स्कॅन एका शहरात, केमो दुसरीकडे आणि मधल्या तापासाठी गावातला दवाखाना, अशी धावपळ असली की ही ओळ सहज हरवते. म्हणून पुढच्या भेटीत विचारा: 'स्तनाची तपासणी कोण करणार आणि कधी?' जाताना जुने स्कॅन, अगदी चार वर्षांपूर्वीची सीडीसुद्धा सोबत न्या. तीच गाठ तेव्हाही तेवढीच होती असं दिसलं, तर कदाचित सुईची गरजच पडणार नाही.