सेवेचा दाम

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे ते विद्वानांनी, असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत आणि संध्याकाळी वाचनालयाच्या बाकावर. तीस वर्षे कामगारांची संघटना बांधण्यात गेली. तरीही आज हा विषय घेतला, कारण एका बाईंनी आम्हांला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आमच्या खिशात तयार नव्हते.

या बाई निवृत्त शिक्षिका. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांची लेक परदेशी असते. मागल्या साली मुलगा, सून आणि नातवंडे यांच्याबरोबर मावशी लेकीला भेटायला गेल्या. लेक दर शनिवारी तिथल्या मुलांच्या इस्पितळात विनावेतन काम करायला जाई. बाकीची मंडळी शहर पाहायला निघाली की मावशी, रीतसर परवानगी काढून, लेकीबरोबर इस्पितळात जात. तिथली भाषा येत नव्हती, पण चिंध्यांची बाहुली करता येत होती. अंथरुणाला खिळलेली पोरे बाहुल्यांसाठी शनिवारची वाट पाहू लागली.

परत आल्यावर मावशी आमच्या कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जन्मभर सांगत आलात की कामाला दाम मिळालाच पाहिजे. मग मी तिथे फुकट राबले, ते चुकले का? आणि आता इथल्या इस्पितळातही जावे म्हणते. जाऊ की नको?"

आम्ही चहा मागवला आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग पुस्तके काढली, तेव्हा कळले की परमुलखातल्या रुग्णसेवेचा वसईचा धागा चारशे वर्षांहून जुना आहे.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत त्या राजवटीचा जुलूमही इथल्या रयतेने सोसला. याच वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांजवळ शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला.

तो ज्या जपानात उतरला, तिथे एका सेवेची परंपरा आधीच सुरू झाली होती. लुईस द आल्मेइदा हा लिस्बनचा माणूस. शस्त्रवैद्यकाचा परवाना मिळवलेला, पण पेशाने व्यापारी. १५५५ साली तो फुनाई गावी, म्हणजे आजच्या ओइता शहरी आला. दारिद्र्यापायी आईबाप तान्ही मुले टाकून देत, मारूनही टाकीत. आल्मेइदाने आपल्या व्यापाराचा पैसा ओतून अशा बालकांसाठी एक घर काढले. तिथल्या राजाने, म्हणजे ओतोमो घराण्याच्या सरदाराने, त्याला पाठिंबा दिला. पोरांना पाजायला दाया ठेवल्या, दुधासाठी गाई बांधल्या. पुढे १५५७ साली तिथेच इस्पितळ उभे राहिले. एका भागात जखमांवर उपचार होत, दुसऱ्या भागात महारोग्यांची शुश्रूषा चाले. जपानातले पाश्चात्त्य पद्धतीचे हे पहिले इस्पितळ.

यातल्या दोन गोष्टी आमच्यासारख्याने ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, नुसत्या दयेने तान्हे मूल जगत नाही. त्याला वेळेवर दूध लागते, रात्री उठणारे माणूस लागते. म्हणजे दाया आल्या, गाईंचा चारा आला, रोजचा खर्च आला. आल्मेइदाची थोरवी त्याच्या करुणेत आहेच. पण त्या करुणेचा रोजचा हिशेब त्याने मांडला, यात ती अधिक आहे. दुसरी गोष्ट अशी की, धर्मसंघाच्या माणसांनी वैद्यकी करू नये असा हुकूम १५६० साली जपानात पोचला आणि आल्मेइदाला हात आखडता घ्यावा लागला. तरी इस्पितळ बंद पडले नाही, कारण तोवर तिथलेच जपानी लोक ते काम शिकले होते. पुढे १५८७ च्या सुमारास लढाईच्या धामधुमीत फुनाई उद्ध्वस्त झाली आणि इस्पितळही गेले. आज त्या शहरात आल्मेइदाच्या नावाचे इस्पितळ आहे.

आता आपल्या गोन्सालोकडे येऊ. जपानी भाषा त्याने उत्तम आत्मसात केली. पाद्र्यांच्या हाताखाली आठ-दहा वर्षे राबला. पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. राबायला हवा, पंगतीला नको, हा अनुभव कामगारांना सांगायला नको. तो बाहेर पडला आणि व्यापारात शिरला. पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाला. धर्मबंधू म्हणजे पुरोहित नव्हे, हातकाम करणारा. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचे शिष्टमंडळ मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालो बरोबर होता. क्योतोला जागा मिळाली. तिथे देऊळ झाले आणि महारोग्यांसाठी इस्पितळ झाले. ज्यांना घरच्यांनी टाकले, त्यांचे गाऱ्हाणे परक्या पाद्र्यांना समजायचे, तर मधे भाषा जाणणारा माणूस हवा. तो माणूस वसईचा होता.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून संशय वाढला, राजाची मर्जी फिरली आणि धरपकड झाली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारले. त्यांत गोन्सालो होता. त्यांत तीन मुलेही होती, एक बारा वर्षांचा, एक तेरा, एक चौदा. १८६२ साली गोन्सालोला संतपद मिळाले. गास गावी त्याच्या नावाचे चर्च आहे, वसईत महाविद्यालय आहे.

गोन्सालोने मजुरी मागितली नाही. मग आमचे तत्त्व खोटे ठरते काय? याचे उत्तर आम्हांला परळात सापडले.

नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, फुकट वाचनालये, दवाखाने हे तिचे काम, आणि ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर. त्याच जोशींनी १९२० साली आयटक स्थापन करण्यात पुढाकार घेतला. सेवेसाठी चाळीत शिरलेला माणूस संघटनेपर्यंत पोचला, कारण औषधाची बाटली देता देता त्यांना दिसले की दुखणे पगारात आहे, खोलीत आहे, कामाच्या तासांत आहे.

पुढे १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. १९२९ साली परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचे इस्पितळ सुरू झाले. वाडिया म्हणजे गिरणीमालकांचे घराणे. त्यांनी दान दिले, ते चांगलेच केले. कामगारांची हजारो पोरे तिथे बरी झाली, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. पण त्याच १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणात रजा आणि त्या दिवसांचे पैसे, हा तिचा हक्क ठरला. इस्पितळ दात्याच्या मनात आले म्हणून उभे राहिले. कायद्याला मात्र दात्याच्या मनाची गरज उरली नाही. मुलाला दोन्ही लागतात. आजारी पडल्यावर इस्पितळ, आणि आजारी पडू नये म्हणून आईला विसावा.

आता आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका इस्पितळाने कंत्राटी आयांना कमी केले आणि 'सेवेची संधी' म्हणून तरुण मुली बोलावल्या. आम्ही फाटकाशी निदर्शने केली, ती योग्यच होती. पण आत जाणाऱ्या एका मुलीला आम्ही सर्वांदेखत नाही नाही ते बोललो. ती रडत म्हणाली, "काका, इथे कुणाची जागा होती, हे मला कुणी सांगितलंच नाही." आम्हांला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आयांच्या शेजारी येऊन बसली. तिच्या हातातून सेवा काढून घ्यायची नव्हती. त्या सेवेच्या आडून कोण पैसा वाचवतो आहे, एवढेच तिला दाखवायचे होते. ते आम्ही केले नाही, आमच्या निदर्शनांनी केले.

म्हणून मावशींना आम्ही जे उत्तर दिले, तेच इथे सांगतो. तुमची बाहुली कुणाच्या ताटातला घास काढत नव्हती. ती करायला कुणी पगारी माणूस नेमला नव्हता आणि नेमून ते काम तसे झालेही नसते. तुम्ही चुकला नाहीत. इथेही खुशाल जा. पण आत शिरताना तिथल्या आयाबाईला आधी विचारा की बाई, तुझा पगार वेळेवर होतो का, तुझी जागा पक्की आहे का. तिची जागा रिकामी करून तुम्हांला बसवीत असतील, तर बसू नका, आमच्याकडे या. तिची जागा शाबूत असेल, तर तिच्या शेजारी बसा आणि बाहुल्या करा.

मावशी मागच्या महिन्यापासून जाऊ लागल्या आहेत. पहिल्याच दिवशी आयाबाईंनी त्यांना सांगितले की तीन महिने पगार झालेला नाही. मावशींनी बाहुल्या केल्या आणि संध्याकाळी त्या बाईंना घेऊन आमच्या कचेरीत आल्या. अर्ज तयार आहे. सोमवारी आम्ही तो द्यायला जाणार आहोत, आणि मावशी बरोबर येणार आहेत.