मुक्तस्रोत प्रकल्पातील पहिले योगदान

ज्या संगणकप्रणालीची संहिता वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास सर्वांना मुभा असते, तिच्यात एखाद्या नव्या व्यक्तीने घातलेली पहिली भर म्हणजे मुक्तस्रोत प्रकल्पातील पहिले योगदान होय. ही भर संहितेचीच असावी असे नाही. भाषांतर, दोषाची नोंद, साहाय्यपुस्तिकेतील दुरुस्ती, ध्वनिमुद्रण किंवा नकाशातील एखादे नाव हेही योगदानच मानले जाते. त्यामुळे वाशिमसारख्या, मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यालाही केवळ मोबाइलवरून असे काम सुरू करता येते. अडचण येते ती योग्य प्रकल्प ओळखण्याची.

नवागतांसाठीच्या खुणा

अनेक प्रकल्प सोपी कामे नवागतांसाठी राखून ठेवतात. गिटहबवर अशा कामांना 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावली जाते. लिब्रेऑफिसमध्ये त्यांना 'इझी हॅक्स' म्हणतात. मात्र केवळ चिठ्ठीवर विसंबणे फसवे ठरते, कारण कोणी लक्ष न दिलेली जुनी कामेही त्याच यादीत पडून असतात. अधिक विश्वासार्ह खूण म्हणजे बाहेरच्या व्यक्तींनी अलीकडे पाठवलेल्या 'पुल रिक्वेस्ट', अर्थात बदल सामावून घेण्याच्या विनंत्या. त्यांना उत्तर मिळाले का, किती दिवसांनी मिळाले आणि नकार देताना कारण सांगितले का, हे कोणालाही वाचता येते. परवाना नसलेली संहिता उघड दिसत असली तरी ती मुक्तस्रोत ठरत नाही.

घाऊक योगदानाचा त्रासही प्रकल्पांनी सोसला आहे. डिजिटलओशन कंपनीच्या 'हॅक्टोबरफेस्ट' उपक्रमात २०२० साली टी-शर्ट मिळवण्यासाठी निरर्थक विनंत्यांचा पूर आला. त्यानंतर संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच हा उपक्रम मर्यादित करण्यात आला.

मराठी भाषेतील कामे

फायरफॉक्सचे मराठी भाषांतर मोझिलाच्या 'पॉन्टून' या व्यासपीठावर, लिब्रेऑफिसचे 'वेबलेट'वर, तर विकिपीडियामागील मीडियाविकी प्रणालीचे 'ट्रान्सलेटविकी'वर होते. पॉन्टूनवर नवख्या भाषांतरकाराने लिहिलेले वाक्य आधी सूचना म्हणून नोंदले जाते. अनुभवी सदस्याने तपासल्यावरच ते स्वीकारले जाते. लहान भाषागटांत भाषांतरकारांपेक्षा तपासनिसाची उणीव अधिक जाणवते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी मराठी गटात अलीकडे कोणी सूचना तपासल्या आहेत का, हे पाहणे श्रेयस्कर.

मोझिलाच्याच 'कॉमन व्हॉइस' प्रकल्पात पडद्यावरील वाक्ये मोठ्याने वाचायची किंवा इतरांनी वाचलेली तपासायची असतात. जमा झालेला ध्वनिसंग्रह कोणालाही वापरण्यास खुला असतो. अशा संग्रहात वऱ्हाडी वळणाचे उच्चार नसतील, तर त्यावर शिकलेली यंत्रे वाशिमकरांचे बोलणे नीट ओळखणार नाहीत. संहितालेखन शिकणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प उल्लेखनीय आहे. पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे 'सायलॅब' या मुक्त प्रणालीत लिहिण्याचे काम त्याने विद्यार्थ्यांकडून करवून घेतले आहे.

वाशिम जिल्हा आणि ओपनस्ट्रीटमॅप

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा हे सहा तालुके आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात प्रत्येक ठिकाणाचे मराठी नाव स्वतंत्र नोंदवण्याची सोय आहे, आणि येथे स्थानिक माहितीला पर्याय नाही. रोमन लिपीत ड आणि द यांच्यासाठी एकच अक्षर वापरले जात असल्याने यांत्रिक लिप्यंतरात 'रिसोड'चे 'रिसोद' सहज होते. मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातील शहर आठवते. मंगरूळपीर हेच मंगरूळनाथ, हे गावकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. नकाशात मात्र दोन्ही नावे नोंदली तरच शोधणाऱ्याला गाव सापडते. वाड्या, तांडे आणि पाणंद रस्ते यांची नावे तर गावातच विचारावी लागतात.

अँड्रॉइडवरील 'स्ट्रीटकंप्लीट' हे उपयोजन आसपासच्या जागांविषयी साधे प्रश्न विचारते व मिळालेली उत्तरे नकाशात नोंदवते. त्यासाठी खाते पुरते. पूर्वपरवानगी लागत नाही. नोंद लगेच नकाशाच्या विदासाठ्यात दाखल होते, मात्र चुकीची वाटल्यास दुसरा सदस्य ती परतवू शकतो. गुगल मॅप्ससारख्या व्यावसायिक नकाशांवरून नावे उतरवून घेण्यास प्रकल्पात मनाई आहे. अशी नोंद अचूक असली तरी काढून टाकली जाते.