हॅलोवीनचे खाद्यपदार्थ

हॅलोवीनचे खाद्यपदार्थ म्हणजे दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी साजऱ्या होणाऱ्या हॅलोवीन या सणानिमित्त केले जाणारे पदार्थ होत. आयर्लंड, स्कॉटलंड व इंग्लंड येथील जुने पदार्थ बटाटे, कोबीवर्गीय भाज्या, सफरचंदे, हेझलनट व सुकामेवा घातलेला पाव यांपासून होत असत. त्यांचा संबंध मृतांचे स्मरण आणि भविष्यकथन यांच्याशी होता. चेटकिणीची बोटे, डोळ्यांची बुबुळे, ममी, कोळी, थडगी अशा भीतिदायक रूपांत वाढले जाणारे पदार्थ ही प्रामुख्याने विसाव्या शतकातील अमेरिकेची देणगी आहे.

आजच्या पदार्थांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. दारावर येणाऱ्या मुलांना दिला जाणारा, बहुधा कारखान्यात वेष्टनबंद झालेला खाऊ हा पहिला. तर घरी जमलेल्या पाहुण्यांसाठी यजमानाने स्वतः केलेले पदार्थ हा दुसरा. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या वर्गाचा विचार केला आहे. पाहताना दचकावे आणि खाताना आवडावे, ही या पदार्थांकडून अपेक्षा असते. हा खेळ पाहुण्यांच्या यजमानावरील विश्वासावर चालतो. त्यामुळे पदार्थांची सुरक्षितता हा या विषयाचा महत्त्वाचा भाग आहे.

इतिहास

आयर्लंड व ब्रिटन

सुगीचा काळ संपून हिवाळा सुरू होताना सेल्टिक लोक साउइन हा सण पाळत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोवीन. आयर्लंडमधील कॅथलिक कुटुंबांत या दिवशी मांस वर्ज्य असे. त्यामुळे बटाटे कुस्करून त्यांत केल ही पालेभाजी किंवा कोबी व भरपूर लोणी घालून केलेला 'कोलकॅनन' हा या रात्रीचा ठरलेला पदार्थ होता.

'बार्मब्रॅक' हा मनुका-बेदाणे घातलेला गोडसर पाव विशेष प्रसिद्ध आहे. त्यात निरनिराळ्या वस्तू दडवून ठेवीत. ज्याच्या वाट्याला अंगठी येई त्याचे वर्षभरात लग्न होणार, नाणे आल्यास संपत्ती मिळणार, कापडाचा तुकडा आल्यास दारिद्र्य येणार आणि वाटाणा आल्यास त्या वर्षी लग्न होणार नाही, असा समज होता. आयर्लंडमध्ये आजही या दिवसांत अंगठी घातलेला बार्मब्रॅक विकत मिळतो. जेम्स जॉइस यांच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहातील 'क्ले' ही कथा हॅलोवीनच्या संध्याकाळी घडते व तिच्या आरंभीच बार्मब्रॅकचा उल्लेख येतो.

सफरचंदे व हेझलनट यांचाही भविष्य पाहण्यासाठी उपयोग होई. सफरचंदाची अखंड साल खांद्यावरून मागे टाकून तिच्या आकारावरून भावी जोडीदाराच्या नावाचे आद्याक्षर ओळखीत. दोन हेझलनट प्रेमी युगुलाच्या नावाने विस्तवात ठेवीत. ती शांतपणे जळाली तर संसार सुखाचा होणार आणि तडकून उडाली तर बेबनाव होणार, असे मानीत. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांनी १७८५ मध्ये लिहिलेल्या 'हॅलोवीन' या दीर्घ कवितेत अशा प्रथांचे तपशीलवार वर्णन आहे.

इंग्लंडमध्ये मृतात्म्यांसाठी प्रार्थना करीत दारोदार फिरणाऱ्यांना 'सोल केक' नावाचे छोटे, गोल, मसाल्याचे केक देत असत. मुलांनी दारोदार जाऊन खाऊ मागण्याच्या आधुनिक प्रथेचे एक पूर्वरूप म्हणून अनेक अभ्यासक याकडे पाहतात.

अमेरिका

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या दुष्काळामुळे, मोठ्या संख्येने अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी हा सण आपल्याबरोबर नेला. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून कंदील करीत. अमेरिकेत त्याची जागा मोठ्या व कोरण्यास सोप्या लाल भोपळ्याने घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी घरगुती हॅलोवीन पार्टीची प्रथा रुजली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील डेनिसन या कागदी वस्तू बनवणाऱ्या कंपनीने १९०९ मध्ये 'बोगी बुक' ही पुस्तिका काढली. सजावट, वेशभूषा व खेळ यांच्या कल्पना देणाऱ्या अशा पुस्तिकांमुळे काळा व नारिंगी रंग, वटवाघळे, मांजरे आणि चेटकिणी घराघरांतील टेबलांवर आल्या.

'ट्रिक ऑर ट्रीट', म्हणजे 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू', असे म्हणत मुलांनी दारोदार फिरण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर पसरली. युद्धकाळात साखरेवर असलेले नियंत्रण १९४७ मध्ये उठल्यामुळे तिला बळ मिळाले. प्रारंभी मुलांना घरी केलेली बिस्किटे, मक्याच्या लाह्यांचे लाडू, सफरचंदे व सुटे पैसेही मिळत.

घरगुती खाऊविषयीचा संशय

१९७० च्या दशकात अनोळखी लोक खाऊत विष किंवा सफरचंदात दाढीचे पाते घालतात, अशा बातम्यांनी पालक धास्तावले. १९७४ मध्ये टेक्सास राज्यात आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड मिसळलेली गोड पूड खाऊन दगावला. मात्र विष घालणारा अनोळखी शेजारी नसून मुलाचा स्वतःचा बाप होता, असे न्यायालयात सिद्ध झाले. १९८२ मध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक गोळ्यांत विष मिसळले गेल्याने सात जणांचा मृत्यू झाला व त्या वर्षीच्या हॅलोवीनवर भीतीचे सावट पडले.

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट व जेराल्ड होरिउची यांनी अशा बातम्यांचा मागोवा घेऊन १९८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनोळखी व्यक्तीने वाटलेल्या खाऊमुळे एखादे मूल मृत किंवा गंभीर जखमी झाल्याचे खात्रीलायक उदाहरण त्यांना आढळले नाही. तरीही दारावर घरगुती खाऊ देण्याची पद्धत जवळजवळ संपली. घरी केलेल्या पदार्थांना ओळखीच्या लोकांच्या मेळाव्यात मात्र स्थान राहिले.

भीतिदायक रूपाचे मानसशास्त्र

पदार्थ निर्धोक आहे हे ठाऊक असूनही त्याचे रूप माणसाला मागे खेचते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना चॉकलेटची मिठाई दोन आकारांत दाखवण्यात आली. साध्या आकाराची मिठाई लोकांना चालत होती. तीच मिठाई कुत्र्याच्या विष्ठेच्या आकारात आली की त्यांची इच्छा बरीच कमी होई. जे जसे दिसते ते तसेच असणार, असे मन नकळत धरून चालते.

हॅलोवीनचे पदार्थ याच प्रवृत्तीशी खेळतात. म्हणूनच त्यांची चव सहसा ओळखीची व सौम्य ठेवतात. रूप विचित्र आणि चवही अनोळखी असल्यास पाहुणे, विशेषतः लहान मुले, पदार्थाला हात लावत नाहीत. मांस, त्वचा किंवा जखमेचे हुबेहूब अनुकरण करण्यापेक्षा दोन डोळे, एक जाळे किंवा एक नख एवढी खूण बहुधा पुरेशी ठरते.

प्रमुख पदार्थ

चेटकिणीची बोटे: मैदा, लोणी, पिठीसाखर व अंडे यांच्या पिठाची लांबट बिस्किटे. पीठ फ्रिजमध्ये थंड करून खऱ्या बोटापेक्षा बारीक वळतात, कारण भाजताना ते फुगते. दोन ठिकाणी चिमटून सांधे करतात, सुरीने आडव्या रेषा ओढतात व टोकाला नखाच्या जागी सोललेला बदाम दाबतात. सुमारे १६० अंश सेल्सियसला २० ते २५ मिनिटे भाजल्यावर बदामाखाली लाल जॅम लावतात.

ममी: सॉसेजभोवती पफ पेस्ट्रीच्या किंवा पावाच्या पिठाच्या पट्ट्या वेड्यावाकड्या गुंडाळून भाजतात. डोळ्यांसाठी एक फट मोकळी ठेवतात. शाकाहारी प्रकारात सॉसेजऐवजी पनीरचा लांब तुकडा चालतो.

मेरिंगची भुते: अंड्याचा पांढरा भाग साखरेसह घट्ट फेटून शंकूच्या आकारात पाडतात व सुमारे १०० अंश सेल्सियसला दीड ते दोन तास वाळवतात. दमट हवेत ती लवकर चिकट होतात. म्हणून हवाबंद डब्यात ठेवून आयत्या वेळी वाढतात.

बुबुळे: पाकातील लिचीच्या पोकळीत निळसर बेरी किंवा काळ्या द्राक्षाचा तुकडा बसवला की बुबुळ तयार होते. तिखट चवीसाठी उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या भागावर ऑलिव्हची चकती ठेवतात.

कोळ्याच्या जाळ्याची अंडी: उकडलेल्या अंड्याचे कवच न काढता त्याला सर्व बाजूंनी तडे देतात आणि अंडे चहाच्या गडद काढ्यात किंवा बेरीच्या रसात फ्रिजमध्ये मुरवतात. कवच काढल्यावर जाळीदार नक्षी दिसते. ही युक्ती चीनमधील चहाच्या अंड्यांची आहे.

दफनभूमी: पसरट भांड्यातील चॉकलेट पुडिंगवर कोकोच्या बिस्किटांचा चुरा मातीसारखा पसरतात, त्यात लांबट बिस्किटे थडग्यांप्रमाणे उभी करतात व जेलीचे किडे अर्धवट पुरतात.

भोपळ्याचे पदार्थ: कोरण्यासाठी पिकवलेले मोठे भोपळे तंतुमय व कमी गोड असतात, पाय या पदार्थासाठी लहान, गोड जातीचे भोपळे वापरतात. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजतात. दिवा लावून बाहेर ठेवलेल्या कंदिलाचा गर खाण्यास योग्य राहत नाही. म्हणून गर हवा असल्यास तो कोरतानाच काढून फ्रिजमध्ये ठेवणे आवश्यक असते.

रंग व दृश्य परिणाम

लाल रंगासाठी बीट किंवा रासबेरीचा रस, हिरव्यासाठी पालक, तर काळ्यासाठी कोको, काळे तीळ किंवा माकूळ माशाची शाई वापरतात. सक्रिय कोळशाने गडद काळा रंग येतो; परंतु तो पोटात औषधे शोषून घेतो व त्यांचा परिणाम कमी करू शकतो. त्यामुळे पाहुण्यांना द्यायच्या पदार्थांत तो टाळणे इष्ट समजले जाते.

गोकर्णाच्या फुलांचा निळा अर्क लिंबू पिळताच जांभळा होतो. त्यातील अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आम्लाच्या संपर्कात रंग बदलतात. लाल कोबीच्या रसातही हेच घडते. टॉनिक वॉटरमधील क्विनीन अतिनील प्रकाशात निळसर चमकते, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत पेय 'पेटल्यासारखे' दिसते.

सुरक्षितता

सरबतातून धूर निघावा म्हणून कोरडा बर्फ, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, वापरतात. त्याचे तापमान सुमारे उणे ७८.५ अंश सेल्सियस असते. तो त्वचेला लागल्यास किंवा गिळला गेल्यास गंभीर इजा होते. मार्च २०२४ मध्ये हरियाणातील गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात मुखशुद्धीसाठी चुकून कोरडा बर्फ दिला गेल्याने काही ग्राहकांच्या तोंडातून रक्त आले व त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुरक्षित पद्धतीत पेयाचे भांडे मोठ्या परातीत ठेवून कोरडा बर्फ व कोमट पाणी बाहेरच्या परातीत घालतात. खोलीत हवा खेळती लागते, आणि हा बर्फ हवाबंद डब्यात कधीही ठेवत नाहीत. वायूच्या दाबाने डबा फुटू शकतो.

कॅरॅमलमध्ये बुडवलेली सफरचंदेही सावधगिरीने ठेवावी लागतात. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत अशा तयार सफरचंदांतून लिस्टेरिया जीवाणूची साथ पसरली. १२ राज्यांत ३५ जणांना लागण झाली व त्यांपैकी ७ जण दगावले. काडी टोचल्यावर फळाचा रस साल व कॅरॅमल यांमध्ये झिरपतो आणि खोलीच्या तापमानाला तेथे जीवाणू वेगाने वाढतात, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे फळे नीट धुणे, तयार सफरचंदे फ्रिजमध्ये ठेवणे व लवकर संपवणे हिताचे ठरते. अंडी, मांस व दूध यांचे पदार्थ टेबलावर दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवत नाहीत.

वेषांतर केलेल्या पदार्थात घटक ओळखू येत नाहीत, ही ॲलर्जी असणाऱ्यांसाठी मोठी अडचण असते. चेटकिणीच्या नखातील बदामही धोकादायक ठरू शकतो. म्हणून प्रत्येक ताटाजवळ घटकांची चिठ्ठी ठेवतात. ॲलर्जी असलेल्या मुलांना खाऊऐवजी छोट्या वस्तू देणाऱ्या घरांसमोर निळसर-हिरवा भोपळा ठेवण्याचा उपक्रम अमेरिकेत २०१४ पासून देशभर राबवला जातो. चार वर्षांखालील मुलांना अख्खी द्राक्षे, कवचफळे, लाह्या व कडक गोळ्या दिल्यास घशात अडकण्याची भीती असते. द्राक्षांचे उभे चार तुकडे करून देतात.

भारत व मराठी भाषक

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत काही बेकऱ्या व उपाहारगृहे ऑक्टोबरअखेरीस हॅलोवीनचे केक व बिस्किटे विकतात. गोव्यातील कॅथलिक समाजात २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण केले जाते; त्यात भीतिदायक पदार्थांना स्थान नाही.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हॅलोवीन व दिवाळी अनेकदा लागोपाठ येतात. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. भोपळ्याचा गर व गूळ यांपासून होणारे घारगे, भोपळ्याचे भरीत आणि भाजलेल्या बिया हे महाराष्ट्राच्या स्वयंपाकातील पदार्थ कोरताना निघालेल्या गरासाठीही उपयोगी पडतात. गर तंतुमय असल्यास तो शिजवून पुरणयंत्रातून काढावा लागतो.

हे सुद्धा पहा

हॅलोवीन
सर्व मृतात्म्यांचा दिवस
लाल भोपळा
अन्न सुरक्षा