पिशवीचा कॅन्सर 'स्टेज वन'ला सापडला, तर पुढचा अंदाज कशावरून बांधतात?

पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेली असतात आणि एक दिवस अचानक रक्ताचा डाग दिसतो. गुहागर तालुक्यातल्या हेदवीत काय किंवा मुंबईत काय, "उष्णता झाली असेल" म्हणून तो विषय तिथेच मिटवला जातो. बहुतेकदा कारण खरंच साधं असतं. पाळी गेल्यावर रक्तस्राव होणाऱ्या 100 बायकांपैकी साधारण 9 जणींनाच गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. पण हेच गणित उलटं करून पाहा. हा कॅन्सर झालेल्या 100 पैकी जवळपास 90 जणींना आधी असा रक्तस्राव झालेला असतो.

म्हणजे हा आजार आधी खबर देतो. खबर वेळेत ऐकली, तर तो पिशवीच्या आतच असताना सापडतो. यालाच 'स्टेज वन' म्हणतात. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार या टप्प्यावर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास आहे.

शिबिरात 'नॉर्मल' आलं होतं, मग?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात टाटा मेमोरियल सेंटर आणि डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने गावोगावी कॅन्सर तपासणी केली आहे. सरकारी कार्यक्रमही आहे. पण या तपासण्या तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या असतात. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचं तोंड. अस्तर त्याच्याही आत असतं. त्यामुळे शिबिरातला 'नॉर्मल' शेरा अस्तराबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा काढून बायोप्सी लागते.

95 टक्क्यांत आपण कुठे?

खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर काढलेल्या पिशवीत असतं. कॅन्सर पिशवीच्या भिंतीत अर्ध्याहून कमी शिरलाय की जास्त? पेशी किती बिघडल्यात, म्हणजे ग्रेड 1, 2 की 3? भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत त्या घुसल्यात का? आणि बाईचं वय काय?

नेदरलँड्समध्ये 715 बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2000 साली आले. ऑपरेशननंतर रेडिएशन दिलेल्या गटात पाच वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण 4 टक्के होतं, न दिलेल्या गटात 14 टक्के. जगण्याच्या प्रमाणात मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे अनेकींना शेक देऊन आयुष्य वाढत नव्हतं. मग गरज नेमकी कुणाला?

2013 मध्ये 373 गाठींच्या जनुकीय अभ्यासातून चित्र बदललं. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून चार वेगळ्या जातींच्या निघाल्या. जास्त जोखमीच्या बायकांवरच्या 2020 मधल्या एका विश्लेषणात (त्यात स्टेज 2 आणि 3 च्याही होत्या) 'पोल' नावाच्या जनुकात बदल असलेल्या 98 टक्के जणी पाच वर्षं आजार न उलटता राहिल्या. 'पी 53' बिघडलेल्या गटात हेच प्रमाण 48 टक्के होतं.

फरक एवढा मोठा आहे की 2023 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेने स्टेजची व्याख्याच बदलली. पी 53 बिघडलेला कॅन्सर भिंतीत थोडासा जरी शिरला असेल, तरी तो आता स्टेज 2 मध्ये मोजला जातो. पोल बदल असेल तर उलट, स्टेज 2 चा आजार 1 मध्ये येतो.

मेणाचा ठोकळा जपा

या तपासण्या पिशवीच्या तुकड्यावर होतात. तो मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे 'ब्लॉक'मध्ये, लॅबकडे ठेवलेला असतो. ऑपरेशन चिपळूणला होऊन पुढे परळच्या टाटाला जायचं असेल, तर फाइलसोबत ब्लॉक आणि स्लाइडही न्यायच्या. नाहीतर एका ठोकळ्यासाठी मुंबईहून परत फेरी पडते. पी 53 ची तपासणी रंग लावून होते, 'एमएमआर'चीही. पोलसाठी जनुकीय चाचणी लागते. ती महाग आहे आणि सगळीकडे होत नाही.

एमएमआरमध्ये दोष निघाला, तर कधीकधी तो आनुवंशिक असतो. मग बहीण-भावांना आणि मुलांनाही आतड्याच्या कॅन्सरचा धोका असतो आणि त्यांचीही तपासणी करावी लागते.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये छापलेली नसते. हा आजार लठ्ठपणा आणि मधुमेहासोबत बऱ्याचदा येतो. त्यामुळे स्टेज वनमधून बऱ्या झालेल्या अनेकींचा मृत्यू पुढे कॅन्सरने नाही, हृदयविकाराने होतो. म्हणून फॉलोअपला जाताना बीपी आणि शुगरचे कागदही त्याच फाइलला लावायचे.