घांस आणि वांटा: मराठवाड्यांतील अपंगांच्या निवाऱ्याची कथा

घरांत एखादा भाऊ आंधळा किंवा पांगळा असला, तर त्याला दोन वेळां जेवूं घालावें, कीं वाड्याचा हिस्सा त्याच्या नांवें लिहून द्यावा? वरवर पाहतां हा एकच प्रश्न वाटतो. वस्तुतः ते दोन आहेत. पहिला पोसण्याचा, दुसरा मालकीचा. नांदेड-लातूरच्या परिसरांत पहिल्याचें उत्तर नऊशें वर्षांपूर्वींच ठरलें होतें. दुसऱ्याचें उत्तर मिळावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

लातूरच्या दक्षिणेस, राज्याच्या सीमेपलीकडे, बसवकल्याण हें गांव आहे. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. सहावा विक्रमादित्य तेथें १०७६ पासून सुमारें पन्नास वर्षें राज्य करीत होता. त्याच्या काळीं विज्ञानेश्वर पंडितानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. बंगालसारखे प्रांत वगळतां हिंदूंच्या वारसाहक्काची वहिवाट पुढें बहुतेक ठिकाणीं याच ग्रंथावर चालली. याज्ञवल्क्यानें आंधळा, पांगळा, वेडा, जड बुद्धीचा, असाध्य रोगानें पीडलेला अशांना 'निरंशक' ठरविलें. म्हणजे वडिलार्जित मिळकतींत त्यांना वांटा नाहीं. परंतु त्याच वेळीं त्यांना 'भर्तव्य'ही म्हटलें. म्हणजे ज्यांनीं वांटा घेतला त्यांनीं त्यांचें पालनपोषण केलेंच पाहिजे. मनूनें तर अशांना अन्नवस्त्र न देणारास पतित मानलें आहे.

विज्ञानेश्वरानें या कठोर नियमाला कांहीं मर्यादा घातल्या. व्यंग वांटणीपूर्वींचें असेल तरच हिस्सा जातो. वांटणीनंतर जडलेल्या व्यंगानें हातीं आलेला हिस्सा जात नाहीं. औषधोपचारानें मागाहून दोष गेला, तर हिस्सा मिळतो. अपंगाचा निर्दोष मुलगाही वांट्याचा धनी होतो. तथापि मूळ नियम कायम राहिला. अपंगाला घांस मिळे, पण तो भावाच्या हातून. भाऊ मायाळू असला तर माजघरांत अंथरूण, त्याचें मन फिरलें तर गोठ्याशेजारीं.

ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२८ च्या कायद्यानें, जन्मतः वेडे किंवा जडबुद्धि असणारे वगळून, इतर अपंगांचा वारसाहक्क मान्य केला. नांदेड व लातूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतीं. १९४८ च्या सप्टेंबरांत त्या राज्याचा शेवट झाला, आणि १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानें रोग, दोष अथवा व्यंग यांमुळें कोणाचाही वारसा बुडणार नाहीं असें ठरविलें. 'निरंशक' हा शब्द कायद्यांतून असा पुसला गेला.

परंतु ज्या बापापाशीं जमीनच नाहीं, त्याच्या अपंग मुलास वारसाहक्क मिळून उपयोग काय? तेथें भावाची जागा सरकारानेंच घेतली पाहिजे. महाराष्ट्र सरकारनें १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली व गरजू अपंगांना दरमहा रोख मदत सुरू झाली. हा झाला घांस. घराची कसोटी लागली ती १९९३ सालीं.

त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें गेलीं. वांचलेल्यांत कित्येक जन्माचे अधू झाले. ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असणारास २५० चौरस फुटांचें घर, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याहून अधिक असल्यास ७५०, असें माप ठरलें. एवढीं घरें उभीं करणें ही लहान गोष्ट नव्हे. पण घराचें माप सातबाऱ्यावरून निघालें. कुबडी टेकून वळावयास किती जागा लागते, चाकांच्या खुर्चीला दार किती रुंद हवें, हें सातबाऱ्यावर लिहिलेलें नसतें. ज्याची जमीन थोडी त्याचें घर लहान, मग घरांत अंथरुणाला खिळलेलें माणूस असो वा नसो.

गरज पाहून मदत देण्याचा विचार पुढें कायद्यांत आला. आपल्यामागें या लेंकराचें कसें होईल, ही मतिमंद मुलांच्या आईबापांची चिंता ओळखून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें जिल्ह्याच्या समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली; त्याच न्यासाच्या 'घरौंदा' योजनेंत प्रौढांच्या निवासाची तरतूद झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें, ज्यांचें अपंगत्व शेंकडा ४० वा अधिक आहे अशांसाठीं, शेतजमीन व घरें यांच्या सरकारी योजनांत शेंकडा ५ जागा राखल्या आणि त्यांत स्त्रियांस अग्रक्रम दिला. कोठें व कोणाबरोबर राहावें हें ठरविण्याचा अधिकारही त्यांचा मानला.

वांटा आतां कागदावर आला आहे. तो घरीं आणण्याचें काम उरलें आहे. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नांतील शेंकडा ५ रक्कम अपंगांसाठीं खर्चावी असा दंडक आहे. ज्या घरीं असा भाऊ किंवा अशी बहीण आहे, त्या घरानें अपंगत्वाचा दाखला काढून ठेवावा, घरकुलाचा अर्ज करावा आणि ग्रामसभेंत उभें राहून त्या पांच टक्क्यांचा हिशेब विचारावा. नऊशें वर्षें राहून गेलेल्या वांट्याची ती विचारणा होय.