कुऱ्हाडीमागचा हात

१८६४ साली ब्रँडिस भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली. तेथे वनाधिकारी घडू लागले. झाडाचा कल पाहून आधी त्या बाजूला खाच घेणाऱ्या, मग मागून घाव घालणाऱ्या मजुराची विद्या मात्र कागदाविनाच चालत राहिली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत वृक्षतोडीचाही समावेश होता. म्हणजे शासनाने धोका ओळखला, पण भरपाईपुरता, माणूस पडल्यानंतरचा.

पावसाळ्यापूर्वीच्या फांद्यांच्या छाटणीच्या निविदांवर मीही सह्या केल्या. त्यांत झाडांची संख्या असे, दर असे. वर चढणाऱ्याचा अनुभव वा दोराची स्थिती विचारणारा रकाना नसे. तो घालणे माझ्या अधिकारात होते. एक मजूर पडल्यावरच मला ते सुचले.